ब्लूजच्या तबकड्या आणि अकोल्याच्या काकू

अमरावतीच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागलो, त्याच सुमारास अकोल्यात कापसाच्या कामावर असलेला एक अमेरिकन साहेब मायदेशी परत निघाला. जाण्याआधी त्याने घरातलं सामान व्हरांड्यात मांडून विकायला काढलं होतं. मी गेलो होतो पुस्तकांसाठी. पुस्तकं सगळी शेतीची निघाली, म्हणून चार तबकड्या घेऊन आलो. साहेब म्हणाला, "याला ब्लूज म्हणतात. आमच्याकडच्या काळ्या लोकांचं गाणं. मन उदास असलं की गातात, आणि गाऊन झालं की बरं वाटतं."

घरी आल्यावर कळलं की आपला फोनो चावीचा. त्यावर जुन्या जड रेकॉर्डी तेवढ्या वाजायच्या. विजेवरचं यंत्र घेईपर्यंत सहा महिने गेले. तोवर मी नुसती कव्हरं वाचत बसायचो. त्यातही एक घोटाळा होता. एका कव्हरवर गिटार घेतलेला म्हातारा होता आणि आत तबकडी होती कुणा बाईची. म्हाताऱ्याची तबकडी कुठे गेली, याची मला फार चुटपुट लागून राहिली.

यंत्र आलं आणि त्या बाईचा आवाज घरात घुमला, तेव्हा वडील संध्या करून नुकतेच उठले होते. ते भिक्षुकी करत. आता काहीतरी बोलणार, म्हणून मी यंत्राकडे हात नेला. ते म्हणाले, "राहू दे." उभ्यानेच ऐकलं आणि म्हणाले, "तीन-चार स्वरांतच फिरते आहे. आमच्या ऋचांसारखी. पण फिरते छान." पुढे ते मुद्दाम कधी ऐकायला बसले नाहीत, पण मी लावलं की पोथी मिटून ठेवत.

म्हाताऱ्याच्या तबकडीच्या शोधात साहेबाच्या जुन्या खानसाम्याला मी पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, की तबकड्या वाजवायचं यंत्र बसवलेलं मोठं कपाट एका वकीलसाहेबांनी नेलं, काही तबकड्या त्यातच होत्या. दिवाळीच्या सुटीत मी अकोल्याला गेलो.

वकील कोर्टात होते. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, बाळापूरकडच्या. मी येण्याचं कारण सांगितलं, तशा त्या लगेच म्हणाल्या, "तो बुढा? हाय ना! पन देत नाई जा. माह्या नातवाची झोप हाय ते."

आत पाळण्यात वर्षाचं पोर हातपाय झाडत होतं. काकूंनी तबकडी लावली. खोल, खरखरीत आवाज, मध्येच गिटारची तार. पोर दहा मिनिटांत झोपलं.

"तुमी इंग्रजीचे मास्तर ना? मंग सांगा, काय म्हनून राहिला तो? मले वाटते लेकीले सासरी धाडून राहिला."

त्याचे उच्चार मलाही कळेनात. तीनदा ऐकावं लागलं. मग मी म्हणालो, "काकू, तो तुरुंगात आहे. भांडणात एकाला सुरा मारला त्याने. आता शिपायाला विनवतो आहे, की माझी आई भेटायला आली तर तिला फाटकातूनच परत पाठव. या बेड्या तिला दिसू देऊ नकोस."

काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अवो, मी लेकराले रोज जेलचं गानं ऐकवून राहिली!" हसता हसता डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "त्याच्या मायनं आयकलं असन का हे?"



संध्याकाळी वकील आले. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "माझ्याकडे आला असता, तर सोडवला असता." काकूंनी तबकडी दिली नाहीच, उलट माझ्याकडून म्हाताऱ्याचं कव्हर मागवून घेतलं. बदल्यात त्या बाईचं कव्हर मला मिळालं.

त्यानंतर आमचा संग्रह दोन गावांत वाढू लागला. पेपर तपासायच्या निमित्ताने मी मुंबईला गेलो की जुन्या बाजारात दोन-तीन तबकड्या सापडायच्या. परत येताना मी आधी अकोल्याला उतरायचो. पहिलं ऐकणं काकूंचं. वैशाखातल्या उन्हाने तबकड्या पापडासारख्या वाकायच्या. काकूंनी त्यावर तोड काढली होती. दोन काचांमध्ये तबकडी घालायची आणि वर वकिलांचे कायद्याचे जाडे ग्रंथ रचायचे. एखादं कलम बघायचं झालं की वकील ओरडायचे, "आता कोणाच्या उरावर ठेवलंय माझं पुस्तक?" या उपायाने दोन तबकड्या वाचल्या आणि एक तडकली. तडकलेलीचं काकूंनी दोन दिवस सुतक पाळलं, असं वकील सांगत.

पाच-सहा वर्षांनी माझे वडील गेले. तेरावा झाला, महिने उलटले, तरी माझा हात यंत्राकडे जाईना. लावावं म्हटलं की पोथी मिटण्याचा तो बारीकसा आवाज आठवायचा. काकूंना मी तसं लिहिलं नव्हतं. फक्त पत्रं आखूड झाली होती.

एका रविवारी सकाळी त्या अचानक दारात उभ्या. एकट्या, एसटीने आलेल्या, काखेत कापडात गुंडाळलेली तबकडी. "वकील लग्नाले मुंबईले गेले होते. त्याइनं सोता निवडून आनली तुमच्यासाठी." कव्हरवर तुतारीसारखं वाद्य घेतलेला काळा माणूस होता. मी नको म्हणायच्या आत त्यांनी यंत्र पुसलं, सुई ठेवली.

धडाडधूम ताशे आणि कर्णे सुरू झाले. आत मात्र पलटणीच्या कवायतीचा बँड होता.

"हे तर वरात काढून राहिले!" काकू म्हणाल्या.

मला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी. आणि हसतानाच कधी रडू लागलो, ते कळलं नाही. एक बाजू संपली, तशी काकूंनी तबकडी उलटून लावली. दुसऱ्या बाजूलाही तसलाच बँड होता. आम्ही तोही शेवटपर्यंत ऐकला. मग त्या आत जाऊन स्वतःच चहाचं आधण ठेवायला लागल्या.