रांगत हुता तवापासनं

घर विकणारा खरंच तोच माणूस आहे, हे रजिस्ट्रीच्या साहेबांपुढं सांगायला ओळखीचा साक्षीदार लागे. चिकोडीच्या कचेरीबाहेर असाच एक गडी बसायचा; कपभर चहावर तो कुणालाही ओळखायचा. विकणारा सत्तरीचा म्हातारा असला तरी छातीठोक सांगायचा, "व्हय रावसाहेब, रांगत हुता तवापासनं वळखतो!" माझ्या घराच्या खरेदीलाही हाच होता.

एकदा सदलग्याहून त्याचा सख्खा थोरला भाऊ आला. म्हातारी आई राहत होती तेच घर तिला न विचारता विकायला निघाला होता. यानं भावानं पाजलेला चहा निवांत रिचवला, मग साहेबांपुढं त्याला वरखाली न्याहाळलं.

"न्हाय रावसाहेब. ह्याला मी वळखत न्हाय."

दोघांची नाकं एकाच साच्यातली होती. साहेबांनी ती नीट पाहिली आणि दस्त न नोंदवताच परत केला.