समुद्रातल्या गाईचं दावं

नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली गवत कुठे दाट आहे, कुठे विरळ होत चाललंय, याचा नकाशा करणं हे माझं काम. ते गवत खाणाऱ्या जनावराला समुद्री गाय म्हणतात, एवढं मी बाबांना सांगितलं आणि फसले. धामणगाव बढेला जन्मभर गुरं राखलेल्या त्या माणसाने गावभर केलं की पोरीला समुद्रात गाई राखायची नोकरी लागली. सुट्टीत मलकापूरला गाडीतून उतरले की ओळखीचे लोक विचारायचे, दूध किती देते. मला हसू यायचं आणि रागही.

बाबांचे प्रश्न मात्र गुराख्याचे होते. शेंडा खाते की मुळासकट उपटते? मुळासकट, म्हटल्यावर ते म्हणाले, असं जनावर एका जागी राहत नसतं, त्याला गायरान मोठं लागतं. आमच्या अहवालात हेच सांगायला चार पानं लागली होती.

मी तळाशी चौकट ठेवून गवत मोजायची. चरून गेल्याच्या उघड्या पट्ट्या दिसायच्या, गाय कधीच नाही. पुढे खाडीत गाळ वाढला, गवत गेलं, पट्ट्याही दिसेनाशा झाल्या. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, तरी दर रविवारी फोनवर विचारायचे, "दिसली काय वं तुही गाय?"

एका रविवारी मी वैतागले. "नाही दिसली. आता दिसणारही नाही. सारखं काय विचारता?"

त्यांनी फोन आईकडे दिला. पुढचा रविवार त्यांनी पाहिला नाही.

तेरवी झाल्यावर मी गोठा झाडायला घेतला. गुरं केव्हाच विकली होती. सगळे खुंटे मोकळे, कोपऱ्यातल्या एकाला मात्र नवंकोरं दावं बांधलेलं. बाबांचा एक नेम होता: हरवलेल्या जनावराचं दावं खुंट्यावरून सोडायचं नाही. मी आईला विचारलं, हे कोणाचं?

"तुह्या समुद्रातल्या गाईचं," आई म्हणाली. "तुहा फोन झाला, त्याच दिवशी मले धरून इथं आले अन् बांधून गेले. हरवली म्हने, मेली नाई."

अहवालात तर मी तिच्यापुढे 'आढळ नाही' लिहून मोकळी झाले होते. खुंट्यापाशी बसून मी खूप रडले, बाबांची माफी मागितली. दावं अजून तिथेच आहे.