सोळा वर्षं, अकरा संघ

अन्याय झाला तो आमच्या आइस हॉकीच्या कोचवर. कधी? गेल्या गुरुवारी, संध्याकाळी सव्वासहाला, कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. वेळ मुद्दाम लिहिते आहे. दर गुरुवारी सहा ते सात कोच रिंकवर सगळ्यात लहान पोरांना शिकवत असतात, हे हॉलमधल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक होतं. स्वतःची पोरं त्यांच्याच हवाली करून हे लोक सभेला आले होते.

सभेपुढे प्रश्न होता, पुढच्या मोसमात कोचना ठेवायचं की नवा माणूस आणायचा. पालक समितीचे अध्यक्षकाका बँकेत आहेत. त्यांनी कोचचा बायोडेटा छापून आणला होता, लाल पेनाने खुणा केलेला.

"खेळाडू म्हणून सोळा वर्षांत अकरा संघ," ते म्हणाले. "आमच्याकडे असा अर्ज आला तर पहिल्याच फेरीत बाद. माणूस कुठे टिकतच नाही."

"आणि मोठ्या लीगमध्ये एकही मॅच नाही," मीना अल-अहमदीहून आलेले एक इंजिनिअर काका म्हणाले. "मग हा शिकवतो काय, बॅग भरायला?"

हॉल हसला. शर्कमध्ये अकाउंट्स सांभाळणारे माझे बाबाही हसले.

मी नाही हसले. अकराव्या वर्षापासून मी याच संघात खेळले, आणि आता कोचच्या हाताखाली मुलींना शिकवते. त्या बायोडेटात काय लिहिलेलं नाही ते मला माहीत आहे.

माझ्या पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये उन्हाने तापलेल्या गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, आणि तिथेच आई मला स्वेटर चढवत होती. आत कोचनी तासभर आम्हाला फक्त पाडलं. पुढे पडा, गुडघ्यावर पडा, हात आत घ्या, उठा, परत पडा. काचेपलीकडे आयांना हसू आवरेना. "पडायला कोच कशाला लागतो गं? आमच्या घरी जिना आहे की!" असं माझीच आई म्हणाली. चौथ्या आठवड्यात एका दांडगीने मला रिंकच्या कडेच्या फळीवर आपटलं. शिकवलं होतं तशी पडले, तशी उठले. आई नर्स आहे, मोडलेली मनगटं रोज बघते. गाडीत बसल्यावर म्हणाली, "या माणसाला कळतंय बरं का." तेव्हापासून तिने जिन्याचं नाव काढलं नाही.

कोच त्यांची गोष्ट कधी सलग सांगत नाहीत. आमच्या स्केट्सना धार लावता लावता तुकड्यातुकड्यांनी सांगतात. कॅनडातल्या लहान लहान गावांतले संघ, रात्रंदिवस बसचा प्रवास. कुठल्यातरी संघाचा बचावपटू जखमी झाला की यांना बोलवायचं, तो बरा झाला की पुढे पाठवायचं. एकदा जेवताना फोन आला, तुला दुसऱ्या संघाला दिलं. सूप अर्धं टाकून उठले. त्यांना विचारलं कुणी नव्हतं, कळवलं फक्त. आणि कधीच स्वतःचा असा नंबर नव्हता. खुंटीवर जो शर्ट उरेल तो अंगात घालायचा.

म्हणून आमच्या संघात प्रत्येक मुलगी आपला नंबर स्वतः निवडते, आणि तो कुणी काढून घ्यायचा नाही. माझा एकोणीस. इथे बापाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की मैत्रीण महिन्याभरात नाहीशी होते, हे आम्ही लहानपणापासून बघतो. तिचा शर्ट मात्र मोसम संपेपर्यंत खुंटीवर असतो. कोच तिथे दुसरा टांगू देत नाहीत.

गेल्या मोसमात आम्ही पहिल्यांदा अंतिम सामन्याला पोचलो. दोन गोलांनी हरलो. पण एकही पोरगी पडल्यावर पडून राहिली नाही. या संघाची मी आहे, हे मी छाती काढून सांगते.

हॉलमध्ये मी उभी राहिले. "बाबा, तुमचा इथे राहायचा इकामा आजवर किती कंपन्यांच्या नावावर लागला?"

"इथे कशाला आता ते?"

"किती?"

"चार."

"मग तुम्हीही टिकत नाही वाटतं."

"अगं, मी सोडल्या का? एक बंद पडली, एकीने माणसं कमी केली... परिस्थिती होती."

"आणि कोच काय हौसेने बसमधून फिरत होते?"

अध्यक्षकाका म्हणाले, "बेटा, भावनेवर संस्था चालत नाहीत." निर्णय या गुरुवारी, हात वर करून. वेळ पुन्हा सव्वासहाच!

मी तडक रिंकवर गेले. कोच शेवटच्या पोराची लेस सोडत होते. सगळं सांगितलं. "म्हणजे बाराव्यांदा," ते म्हणाले आणि हसले. समोरचे दोन दात नाहीत, ते हसले की दिसतं. मग म्हणाले, "नवा येईल त्याला सांग, सात नंबरचा डावा घोटा कच्चा आहे. तिची लेस दोनदा बांधायची."

सात नंबर म्हणजे अध्यक्षकाकांची धाकटी.

तुमचं पोर या रिंकवर येत असेल, तर हे तुम्हाला उद्देशून आहे. कुवेतमधला आपण प्रत्येकजण कुणाच्या तरी सहीवर राहतो. ती सही थांबली की आपणही बॅग भरतो, आणि त्यासाठी स्वतःला नालायक म्हणवून घेत नाही. तेव्हा बुधवारी पाच वाजता या. तासभर काचेपाशी उभे राहा, फोन खिशात ठेवून. कोच काय करतात ते बघा. आणि गुरुवारची सभा सातनंतर ठेवायला लावा, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस समोर असेल. मग त्यांच्या डोळ्यांदेखत हात वर करा.