लूप काढलाच नव्हता

आधीच सांगतो, असले गूढ किस्से वाचले की माझं डोकं फिरतं. मी अमरावतीला टेलिफोन खात्यात टेक्निशियन होतो. दिवा हिरवा किंवा लाल, मधलं काही नसतं... या हिशेबाने नोकरी काढली. म्हणून हे लिहितानाही मला राग येतोय, आणि तो नक्की कोणावर काढावा हे अजून ठरत नाही.

कापसाच्या फवारणीचे दिवस होते. औषध अंगावर जाऊन माणसं शेतातच पडत होती, ती वर्षं. एका दुपारी अमरावती–अकोला डिजिटल लाइनचा दिवा लाल झाला. फ्रेम तुटली होती. म्हणजे असं — एकाच तारेवरून तीस जणांचं बोलणं तुकड्या-तुकड्यांनी, पाळीपाळीने जातं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक खूण असते. पलीकडच्या मशीनला ती खूण सापडली नाही, तर कोणता तुकडा कोणाचा हे कळत नाही आणि तीसही जणांचं बोलणं बंद पडतं.

अकोल्याच्या टोकाला इस्माईलभाई होते, जठारपेठेत राहायचे. वेगळ्या तारेवरच्या सर्व्हिस फोनवर मी त्यांना म्हटलं, "लूप द्या." लूप म्हणजे आमची लाइन तिकडून परत आमच्याकडेच वळवायची. पाठवलेलं परत आलं की मधली तार ठीक. इस्माईलभाई लूप लावला की स्कूटरची किल्ली रॅकवर टांगायचे, म्हणजे तो काढल्याशिवाय घरी जाताच येऊ नये. आणि आम्ही "काढा" म्हटल्याशिवाय ते हात लावत नसत.

आमचा दिवा हिरवा झाला. तेवढ्यात साहेब आले. रेस्ट हाउसवर कोणी बडे अधिकारी उतरणार होते, त्यांच्या खोलीत फोन हवा होता.

"साहेब, लूप लागलाय, दोन मिनिटं द्या."

"हिरवा आहे ना? मग चल."

गेलो. मान खाली घालून गेलो, याचा आजही संताप येतो. तिथून कळवू म्हटलं आणि विसरलो. पाचला परत येऊन "काढा" म्हणेपर्यंत तो दिवा हिरवाच होता. खोटा हिरवा... आमचीच खूण आम्हाला परत दिसत होती, आणि अमरावतीकडून अकोल्याला एकही फोन जाऊ शकत नव्हता.

माझी ताई दर्यापूरकडे दिलेली. त्याच दुपारी तीन वाजता भाऊजी पाठीवर पंप असतानाच पडले. जवळपास विषावरचं इंजेक्शन नव्हतं, गाडी अकोल्याहूनच मागवावी लागणार होती. त्यांच्या गावचा फोन अमरावतीवरूनच, याच लाइनने जायचा. ताईने बूथवरून अकोल्याच्या दवाखान्याचा नंबर फिरवला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात भाऊजींच्या खाटेपाशी ती मला म्हणाली, "तू होता म्हून वाचले."

"मी कुठं होतो?"

"काहून असा बोलून राहिला? फोन तूच तं उचलला. मी म्हटलं, तू अकोल्याले कवा आला? तू म्हने, ते राहू दे, गाव सांग. त्याईले कुशीवर निजव, कपडे काढ, गाडी निघाली."

तीन वाजता मी रेस्ट हाउसच्या छतावर वायर ओढत होतो, खाली साहेब उभे. दवाखान्याचं रजिस्टर पाहिलं. निरोप देणारा – माझं नाव, अमरावती. वेळ तीन दहा. इस्माईलभाईंना विचारलं तर ते भडकले.

"दोनदा फोन लावला, तुमच्याकडे कोणी उचलला नाही. तुमी काढा म्हटलंच नाही, तं मी कसा काढू? पाच बजेपर्यंत किल्ली टांगलेली होती."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. बहिणीचा फोन अकोल्याला लागला, म्हणजे लाइन ठीकच होती, असं कागदावर आलं. अकोला लागत नाही अशा अकरा तक्रारी त्या दुपारच्या वहीत होत्या. अकराही "लाइन ठीक" लिहून बंद केल्या. मी काही बोललो नाही, कारण लूप माझाच राहिला होता.

ताई अजून दर राखीला ती गोष्ट सांगते. मी ऐकून घेतो. तिचा फोन कोणी उचलला, मला खरंच माहीत नाही. पण त्या अकरा तक्रारींपैकी एक दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून होती. त्यांचा फोन कोणी उचलला नव्हता.