अप्पांचे दोन रिबाउंड

आमचे कोच अप्पा यांना उडी मारणाऱ्या माणसाचा मनापासून राग यायचा. बास्केटबॉलच्या कोचला हे शोभत नाही, पण अप्पांच्यात कोचला शोभेल असं तसंही काही नव्हतं. उंची पाच फूट दोन इंच. पोट त्यांच्या आधी ग्राउंडवर पोचायचं. कपाळाला विभूती, ती प्रॅक्टिस संपेपर्यंत घामानं भुवयांवर उतरलेली असायची. अंगात पांढरा सदरा-पायजमा आणि खाली पोरानं टाकून दिलेले लालभडक स्पोर्ट्स शूज. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं भुसाराचं दुकान होतं. दिवसभर तूर-मूग, संध्याकाळी आम्ही पोरी. कॉलेजात असताना ते टीममध्ये होते म्हणे. "अप्पा, मॅच किती खेळलात?" असं विचारलं की गंभीर तोंडानं म्हणायचे, "बेंचावरच्या धरून का बेंचावरच्या सोडून?"

मी अर्धापूरची. घरी केळीचा बाग. आठवीतच माझी उंची पाच फूट नऊ इंच झाली आणि गावात तिचा उपयोग होईना. लग्नाच्या फोटोत मला मागे उभं करायचे, एवढंच. उदगीरला आत्या राहायची. ती म्हणाली, इथल्या शाळेत पोरींची बास्केटबॉल टीम आहे, पाठवा इकडं. सगळ्यांना वाटलं, एवढी उंच पोरगी म्हणजे आता काय, झालंच. मलाही तसंच वाटलं. अप्पांना तेवढं वाटलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला पायापासून वर बघायला सुरुवात केली आणि गुडघ्यापर्यंत येऊन थांबले. म्हणाले, "उंची तर बापानं दिली. तू काय आणलंस?"

मी काहीच आणलं नव्हतं. दहावीपर्यंत मी मंगलच्या जागी बदली खेळाडू होते. म्हणजे मंगल खेळायची आणि मी तिची पाण्याची बाटली सांभाळायची. मंगल माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी होती, पण बॉल रिंगवर आपटून परत आला की नात्यातला असल्यासारखा तिच्याच हातात जायचा. तो परत आलेला बॉल पकडायचा, यालाच रिबाउंड म्हणतात. मी त्यासाठी उड्या मारायची. मी हवेत असताना बॉल खालून कुणीतरी घेऊन जायचं.

"अगं, तो खाली येणारच हाय," अप्पा ओरडायचे. "वर कशाला गाठायला जाती? सोयऱ्याला आणायला स्टेशनवर जाती का? त्याची उतरायची जागा धर, अन् दुसरीला तिथं येऊ देऊ नको."

जागा कशी धरायची हे दाखवायला ते आम्हाला रविवारी सकाळी मोंढ्यात न्यायचे. तिथं गौसचाचा नावाचे हमाल होते. वय साठीच्या पुढं, अंगावर मांस म्हणून नाही, आणि क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन दोन फळ्यांच्या उतारावरून चालायचे. अप्पा म्हणायचे, हात बघू नका, कंबर बघा. चाचा मला म्हणाले, "कमर नीचे ले बेटी. घुटने मोड. ताकद पांव में रहती, हाथ में नक्को ढूंड." मग आम्ही सातजणी ज्वारीचं पोतं पाठीनं ढकलत दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचो. माल घेऊन आलेले शेतकरी विचारायचे, "अप्पा, ह्या पोरी हमालीला लावल्या का?" अप्पा म्हणायचे, "न्हाई, ऑलिम्पिकला."

मॅचच्या वेळी अप्पांच्या उजव्या खिशात फुटाणे असायचे. पोरीनं पाठ लावून समोरचीला अडवलं की एक फुटाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. बॉल कुणाच्या हातात पडला याच्याशी फुटाण्याचं देणंघेणं नव्हतं. मॅच संपली की डावा खिसा उलटा करून ते जाहीर करायचे, आज अमकीचे इतके. फक्त अडचण एवढीच होती की मॅच अटीतटीची झाली की अप्पा ते फुटाणे नकळत खाऊन टाकायचे. आमच्या कित्येक चांगल्या खेळ्या अशा त्यांच्या पोटात गेलेल्या आहेत.

दहावीच्या वर्षी आमच्या टीमनं लातूर जिल्हा जिंकला आणि विभागीय स्पर्धा नांदेडला लागली. नांदेड म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, राज्यासाठी निवड झाली तर अकरावी-बारावीला उदगीरलाच राहा. नाही झाली, तर दहावी बास झाली, घरी ये. हे कमी होतं म्हणून काकानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. अर्धापूरच्या चौकात बॅनर लागलं होतं. 'आमची लाडकी कन्या, महाराष्ट्राच्या संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मॅच व्हायला अजून चार दिवस होते. बॅनरवर काकाचा फोटो हातभर होता, शुभेच्छुक म्हणून एकवीसजण होते आणि कोपऱ्यात मी, आधार कार्डावरची.

मी रडतच अप्पांच्या दुकानात गेले. त्यांनी फोटो मोठा करून करून बघितला. म्हणाले, "काका तुझा देखणा हाय."

"अप्पा, घरचे मंगलसारखे दहा-बारा रिबाउंड धरून बसलेत!"

"धरू दे. आपण काय धरायचं ते आपण बघू. मंगल सगळी मॅच खेळती. तुला मिळाली तर मिळाली पाच मिनिटं. पाच मिनिटांत दोन रिबाउंड." त्यांनी मापं ठेवायच्या फळीकडं बघितलं. "दोन म्हणजे मी जरा जास्तच बोललो. पण बोललो आता."

नांदेडला काका टेम्पो भरून माणसं घेऊन आला. बाबा पांढरी टोपी घालून पहिल्या ओळीत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मंगलचे चार फाउल झाले. पाचव्याला बाहेरच काढतात, म्हणून अप्पांनी तिला बसवलं आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मी आत गेले. पहिलाच बॉल रिंगवर आपटला आणि मागून काकाचा आवाज आला, "मार उडी!" मी मारली. गुडघे, पोतं, गौसचाचा, सगळं विसरून मारली. समोरच्या पोरीनं खालून बॉल घेतला आणि शांतपणे पॉइंट केला. अप्पांनी रुमाल तोंडावर घेतला होता.

त्यानंतर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. कंबर खाली घेतली, पाठ लावली आणि त्या पोरीला पोत्यासारखी धरून ठेवली. बॉल यायचा, माझ्या बाजूला पडायचा आणि आमचीच कुणीतरी उचलून पळायची. माझ्या हातात एकदाच आला. तोही मी एवढा घट्ट धरला की पंचांना शिट्टी वाजवून सोडवावा लागला. पाच मिनिटं झाली, मंगल परत आत गेली. मॅच आम्ही तीन पॉइंटांनी हरलो. निवड मंगलची झाली, आणि ते बरोबरच होतं.

बाबा ग्राउंडच्या कडेला उभे होते. काका टेम्पोवाल्याशी उगाचच भांडत होता. अप्पा बाबांकडं गेले आणि डावा खिसा उलटा केला. तळहातावर सहा फुटाणे. एकही खाल्ला नव्हता.

"मालक, सहा वेळा हिनं ती पोरगी आत येऊ दिली न्हाई. पाच मिनिटांत सहा."

बाबांनी फुटाण्यांकडं बघितलं. "अन् बॉल किती घेतले?"

"एक."

"एकच?"

अप्पांना वाटलं, आता आपली पाळी. म्हणाले, "मालक, तुम्ही केळीवाले. एका झाडाला घड किती येत्यात?"

"एक."

"मग? बाग मोडता का तुम्ही?"

बाबा म्हणाले, "घड काढला की ते झाड तोडावंच लागतं, अप्पा. त्याला दुसरा घड येत न्हाई."

अप्पांचं तोंड उघडं राहिलं. मग म्हणाले, "मी भुसारातला माणूस. केळीत हात घालायला नको होता." बाबांनासुद्धा हसू आलं. पण हसू आलं म्हणून निर्णय बदलतो असं आमच्या घरात नाही. परीक्षा झाल्यावर मी ट्रंक घेऊन अर्धापूरला आले. निघताना उदगीरच्या स्टँडवर अप्पा आले होते. खिडकीतून फुटाण्यांची पुडी दिली आणि म्हणाले, "चुकलं माझं. मी झाडाचं उदाहरण द्यायलाच नको होतं." बस हलली तरी त्यांचं चाललेलंच होतं, "तुरीचं द्यायला पायजे होतं गं, तुरीचं!"

बॅनर पुढं दोन महिने चौकात होतं. वाऱ्यानं माझा कोपरा आधी फाटला.

आता मी तमिळनाडूत होसूरला मोबाईलचे पार्ट जोडायच्या कंपनीत आहे. गावातल्या एका मैत्रिणीबरोबर आले, ती तीन महिन्यांत परत गेली, मी राहिले. मी जन्माची घाबरट. सुपरवायझर मागून गेला तरी वाटतं, आज काढलं. पहिल्या आठवड्यात लाईनवर सगळ्यांत मागे होते, तेव्हा अप्पांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "तुझ्या शेजारची पैल्या आठवड्यात किती करत होती?" मी शेजारणीला विचारलं. माझ्यापेक्षा कमी. त्या रात्री मला झोप लागली. एवढं उपकाराचं वाक्य मला आजवर कुणी बोललेलं नाही, आणि त्या माणसाला वाटतं त्यानं माझं शिक्षण एका केळीपायी घालवलं.

त्यामुळंच असेल, सहा महिन्यांपूर्वी त्यांचाच फोन आला. बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरच्या फॉर्मची ते स्वतः जाऊन चौकशी करून आले होते. "फोटो पाठव. अन् आधार कार्डावरचा नको, त्यात तू फरार दिसती."

मी म्हटलं, "अप्पा, मला जमणार नाही. तीन वर्षं पुस्तक उघडलं नाही."

"जमायचं काय त्यात? इंग्रजीत तू नापास होणार. ते मी धरून चाललोय. इंग्रजी परत देता येती. बाकीच्यांत पस्तीस-पस्तीस."

"आणि बाबा?"

"बाबांशी बोललोय. म्हणाले, तिची तिनं कमावून परीक्षा द्यायची असंल तर देऊ दे. झाडाचा विषय मी काढलाच न्हाई."

मी फोटो पाठवला. परवा परीक्षेसाठी रजेचा अर्ज लिहिला. आमच्या कंपनीत तो इंग्रजीत लिहावा लागतो. होस्टेलवर शेजारच्या खाटेवरची ओडिशाची पोरगी बारावी पास आहे, तिनं वाचला आणि म्हणाली, यात सहा चुका आहेत, दे, दुरुस्त करते.

मी अर्ज तिच्या हातातून घेतला, म्हटलं, इंग्रजीचं आम्ही धरून चाललोय, आणि तसाच नेऊन दिला. रजा मंजूर झाली.