थर्मोस्टॅटची रिकामी जागा

डिसेंबरात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी जुनीच, दुसऱ्याच्या हातची. पण आमच्या घरात आलेली पहिली, म्हणून मी तिच्या बाबतीत जरा जास्तच हळवा आहे. स्टीअरिंगखाली छोटा स्कॅनर लावला, तेव्हा मोबाइलवर कोड उमटला : पी ०१२८. म्हणजे इंजिनातलं पाणी जितकं तापायला हवं तितकं तापत नाही.

कोड एवढंच सांगतो. दोष कुठल्या भागात आहे, ते आपण शोधायचं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पण दिवसभर स्क्रीनवर सुटे भाग काढतो, हाताने एकही खोलत नाही. नेटवर वाचून मी तापमानाचा सेन्सर बदलला आणि कोड पुसून टाकला. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. मग रविवारी सकाळी मोबाइल शेजारच्या सीटवर ठेवून खडकवासल्यापर्यंत गेलो. तापमानाचा आकडा नव्वदच्या आसपास हवा, तो सत्तरच्या वर चढायला तयार नव्हता. उतारावर तर तो खाली यायचा.

धरणाच्या कडेला गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि तेव्हा मला बाबांचा हात आठवला.

माझे वडील वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करतात. शाळा चौथीपर्यंत. शेडमध्ये तापमान मोजायचं कुठलंच यंत्र नव्हतं. गार इंजिन सुरू करून ते रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवून उभे राहत. पाइप बराच वेळ गार राहिला आणि मग एकदम तापला, तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडाच अडकलाय. सेन्सर विकत घेण्याआधी मी एवढं करून पाहायला हवं होतं. ज्यांनी मला शिकवलं त्यांचीच रीत मी विसरलो होतो.

एकदा त्यांनी एका जीपचा थर्मोस्टॅट घरी आणला होता. आईच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवून, दोऱ्याला बांधून त्यात सोडला.

"अवो, चायच्या गंजात?" आई ओरडली.

"धुऊन देतो न. बाबू, इकडे ये, पाय."

मी वाकून पाहिलं. पितळेची ती चकती गप्प बसली होती, आणि पाणी उकळायला लागताच हळूच उघडली. "गार असताना बंद, तापल्यावर उघडा. एवढंच काम आहे याचं," बाबा म्हणाले. पुढे कॉलेजात सरांनी फळ्यावर तीच आकृती काढली, तेव्हा सगळ्या वर्गात मला एकट्यालाच तिच्यातून चहाचा वास आला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी कात्रजच्या एका गॅरेजात नेली. "थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, बदलून द्या," मी जरा ऐटीत म्हणालो. तिथल्या मेकॅनिकने पाणी काढलं, दोन बोल्ट सोडले, आत टॉर्च मारला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, बदलायला तो आधी असावा लागतो."

आत काहीच नव्हतं. रिकामी गोल जागा, आणि तिच्या कडेने नीट पुसून लावलेलं, गळती थांबवणारं नवं गॅस्केट.

"कोणी काढला?" त्याने विचारलं.

मला गॅस्केट पाहूनच कळलं होतं; इतकं निगुतीनं ते बाबाच लावतात. मे महिन्यात आम्ही गावी गेलो, तेव्हा वाटेत उन्हात गाडी तापली होती. बाबांनी पंख्याची वायर दुरुस्त केली, एवढंच मला सांगितलं होतं. आमच्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकतात. उन्हाळ्यात पाणी अडवणारं काही मधे नकोच, असा हिशेब. मुलगा, सून आणि नात इतक्या लांब परत जाणार, म्हणून त्यांनीही तेच केलं असणार. तेव्हापासून दर फोनवर ते एकच विचारायचे, "गाडी तापत तं नाही ना आता?" मला वाटायचं, बापलेकांना बोलायला दुसरं काही उरलं नाही.

पुण्याला ते एकदाच आले. आठ दिवस बाल्कनीत बसले, नवव्या दिवशी पिशवी भरली. मी थांबा म्हणालो, तर त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "पाय बरं, आठ रोजात हात काळे झाले नाहीत. मी काय करू इथी?" त्यानंतर कितीदा बोलावलं. सणाला, नातीच्या वाढदिवसाला. उत्तर तेच. आता त्यांना सत्तरी लागली आहे, आणि ते माझ्या घरी असावेत असं मला फार वाटतं. बाल्कनीतली त्यांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही.

"नवा टाकू ना?" मेकॅनिकने विचारलं.

"नको. आहे तसंच बंद करा."

"अहो, इंजिन गार चालतंय. पेट्रोल जास्त खाणार, झीज होणार."

"माहीत आहे. वडील बसवतील."

"कुठं असतात?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला. "मग गाडी कमी चालवा," म्हणाला.

संध्याकाळी फोन केला. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"तापत नाही, बाबा. तापतच नाही, हाच घोटाळा आहे." मी कोडबद्दल सांगितलं, थंडीबद्दल सांगितलं.

"मायं चुकलं काय मंग?"

"उन्हाळ्यापुरतं बरोबर होतं. थंडीत चालत नाही. तुम्ही काढला, तुम्हीच येऊन बसवा."

"जुना फेकला नाही मी," ते घाईने म्हणाले. "डब्ब्यात हाय. उकळून पायला होता, चांगला उघडते."

"मग घेऊन या."

येतो म्हणाले नाहीत. पण मी काय करू इथी, असंही म्हणाले नाहीत.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी बसने ऑफिसला जातो. गाडी पार्किंगमध्ये उभी असते. रविवारी बॅटरीपुरती सुरू करतो आणि गार इंजिनावर वरचा पाइप धरून उभा राहतो. तो पहिल्यापासूनच कोमट होत जातो. फोन तसेच येतात, फक्त प्रश्न बदललाय.

"दुसऱ्या कोणाकडून बसवून तं नाही घेतला ना?"

"नाही, बाबा."

"नको घेऊ," ते म्हणतात, आणि मग विचारतात, "दहा नंबरचा पाना हाय काय तुयाकडे, का इकडूनच आणू?"

"इकडे नाही," मी सांगतो. तो माझ्या डिकीतच आहे.