उमरेडची परदेशी बाई

नोकरीतली बरीच प्रकरणे आता विसरलो. हे एक मात्र जसेच्या तसे लक्षात आहे. मी तेव्हा नागपुरात परदेशी नागरिकांच्या नोंदणी शाखेत फौजदार होतो. एक दिवस टपालात निनावी पत्र आले : 'उमरेडात एका विणकराच्या घरी परदेशी बाई परवाना संपूनही राहून राहिली. तातळीने चौकशी व्हावी.'

बाईचे प्रकरण म्हणून हवालदारासोबत एक महिला शिपाईही घेतली आणि जीप काढली. विणकर मागावर बसला होता. त्याच्या बायकोला विचारले, "परदेशी बाई कुठे आहे?"

"शाळेत गेली, साहेब. पयलीत हाये."

ती विणकराची सात वर्षांची भाची निघाली. आईवडील ब्रह्मदेशात वारले, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला बोटीने आणून मामाच्या हवाली केले होते. परवाना तीन महिन्यांचा. तो संपूनही वर्ष उलटले होते.

आम्ही शाळेतच जबाब घेतला. छापील नमुना मोठ्या माणसांसाठी होता, पण हवालदार एकही रकाना सोडायला तयार नव्हता.

"भारतात येण्याचा उद्देश?"

"मामा इथं हाये."

"पूर्वी कधी शिक्षा?"

"झाली. बाईंनी अंगठे धराले लावले."

हवालदाराने तेही लिहून घेतले.

"परत कधी जाणार?"

"घंटी झाल्यावर. मामी वाट पाहून राहिली असन."

मी जबाब तिथेच थांबवला.

पण वरून लेखी हुकूम आला : परवाना संपला आहे, परत पाठवा. जुने कागद काढले, तर मुदतवाढीसाठी मामाचे तीन अर्ज उत्तराविना पडलेले. तिन्हींत निनावी पत्रातलेच अक्षर आणि तेच 'तातळीने'. मी मामाला बोलावले.

"स्वतःच्याच भाचीविरुद्ध तक्रार काहून केली गा?"

तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, तीन अर्ज केले, कोणी पाह्यलं नाही. निनावी लिहिलं तं जीप आली."

मी वर लिहून पाठवले : ताबा देताना घेणाऱ्याची सही लागते, ब्रह्मदेशात या मुलीचा ताबा कोण घेणार, नाव-पत्ता कळवावा. ते नाव कोणालाच सापडेना. दोन महिन्यांनी परवाना वाढवून मिळाला आणि पुढे यथावकाश नागरिकत्वही.

कायदा मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. तो कोणावर चालवायचा आहे हे आधी पाहावे, एवढे मात्र त्या पोरीने शिकवले. त्यानंतर हातात आलेल्या प्रत्येक कागदावर मी वयाचा रकाना आधी वाचू लागलो आणि देशाचा नंतर.